पिचरला कधी थांबवायचं? डस्टी बेकर आणि मॅनेजर नावाची डोकेदुखी

क्रिकेटमधे बॉलरला मार पडायला लागला की कॅप्टन त्याला काढून फाइन लेगला पाठवतो आणि वाटलंच तर पाच-सहा ओव्हरनी परत बोलावतो, म्हणजे निर्णय चुकला तरी दुरुस्तीला वाव असतो. बेसबॉलमधे ही चैन नाही. तिथे बदली केलेला पिचर त्या मॅचपुरता गेलाच, परत आत येता येत नाही, जो नवीन आला त्याच्यावर सगळी भिस्त, त्यालाही धुतलं तर अजून एक आणा, असं करत करत हाताशी असलेली माणसं संपत जातात. आणि हा निर्णय मैदानावरचा कॅप्टन घेतच नाही, तो घेतो डगआउटमधे बसलेला मॅनेजर. वय पन्नाशी-साठीचं, पोट सुटलेलं, तरी अंगात खेळाडूंसारखाच टीमचा युनिफॉर्म (हो, बेसबॉलमधे मॅनेजरही तोच ड्रेस घालतो, पहिल्यांदा बघताना जाम गंमत वाटते), तो हळूहळू चालत पिचरच्या उंचवट्यापर्यंत जातो, हात पुढे करतो आणि पिचर बॉल त्याच्या हातात ठेवून निघून जातो.

एवढंच दृश्य. पण अमेरिकेत मॅनेजर लोकांची अख्खी करिअर्स या एका दृश्यावर तोलली जातात, आणि हे प्रकरण नीट समजून घ्यायचं असेल तर डस्टी बेकरइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण हा माणूस एकदा पिचरला काढलं म्हणून शिव्या खाल्लेला आहे, एकदा काढलं नाही म्हणून खाल्लेला आहे, आणि शेवटी जिंकला तेव्हा त्या विजयात समोरच्या मॅनेजरने पिचर काढण्याचाही वाटा होता.

ज्यांनी बेसबॉल कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं गणित. मॅच ९ इनिंगची, प्रत्येक इनिंगमधे प्रत्येक टीमला ३ आउट, म्हणजे मॅच जिंकायला समोरच्यांचे २७ आउट काढायचे. सुरुवात करणारा पिचर म्हणजे स्टार्टर, तो साधारण १०० बॉल टाकेपर्यंत टिकतो आणि मग चार-पाच दिवस त्याला विश्रांती, कारण ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने हात फिरवणं म्हणजे खांद्याची आणि कोपराची वाट लावणं आहे. त्याच्यानंतर येणारे ते रिलीव्हर, ते मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या जागेत वॉर्म-अप करत बसतात. आता स्टार्टर कधी काढायचा? तो थकला की, हे सरळ उत्तर झालं. पण अजून एक भानगड असते, समोरचे ९ बॅटर आळीपाळीने येत राहतात आणि तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांनी त्या पिचरचे सगळे बॉल बघून झालेले असतात, त्यामुळे पिचर ताजातवाना वाटत असला तरी तिसऱ्या फेरीत त्याला जास्त मार पडतो, हे आकडेवारीत स्पष्ट दिसतं. शिवाय डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो वगैरे हिशोब आहेतच. मग लवकर काढून टाकावा ना? पण रिलीव्हर आज वापरला तर उद्या तो थकलेला, आणि सीझन आहे १६२ मॅचेसचा, मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज मॅच. रोज सगळं बुलपेन रिकामं केलं तर जूनमधेच टीम आडवी पडेल.

आणखी एक घोळ आधीच मिटवून टाकतो. टीमसाठी खेळाडू विकत घेणं, ट्रेड करणं, करार करणं हे जनरल मॅनेजरचं काम, तो ऑफिसात बसतो. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो नुसता मॅनेजर, दिलेल्या माणसांतून रोजची टीम लावणारा. क्रिकेटचा कोच आणि कॅप्टन एकत्र करून जे होईल ते.

डस्टीचं पूर्ण नाव जॉनी बी. बेकर ज्युनियर, जन्म १५ जून १९४९, कॅलिफोर्नियातलं रिव्हरसाइड. लहानपणी सारखा मातीत लोळायचा म्हणून आईने डस्टी नाव ठेवलं, ते आयुष्यभर चिकटलं. १९६७ मधे अटलांटा ब्रेव्हजने त्याला ड्राफ्टच्या (टीमनी आळीपाळीने नवीन पोरं निवडायची पद्धत) २६व्या फेरीत घेतलं, म्हणजे फार कोणी मनावर घेतलेला खेळाडू नव्हता. त्याच वर्षी आईने मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हलचं तिकीट दिलं होतं तिथे जाऊन तो जिमी हेंड्रिक्सला ऐकून आला, हे बेसबॉलशी काही संबंध नसताना सांगतोय कारण हा माणूस पुढे पन्नास वर्षं डगआउटमधला सगळ्यात कूल माणूस का राहिला ते त्यातून कळतं. पुढे मॅनेजर झाल्यावर तोंडात टूथपिक आणि मनगटावर रिस्टबँड ही त्याची ओळखच होऊन गेली.

१९६८ च्या सप्टेंबरमधे, १९व्या वर्षी, तो पहिली मेजर लीग मॅच खेळला. त्या टीमचा हिरो होता हँक आरन. आरनने डस्टीच्या आईला शब्द दिला होता की तुमच्या मुलाला मी स्वतःच्या मुलासारखा सांभाळीन, आणि त्याने तो पाळला. आता आरन म्हणजे कोण, तर बेब रूथचा ७१४ होम रनचा (होम रन म्हणजे साधारण आपला सिक्सर, बॉल कुंपणापलीकडे) रेकॉर्ड, जो अमेरिकेत जवळजवळ देवासारखा पुजला जायचा, तो मोडायच्या जवळ पोचलेला कृष्णवर्णीय खेळाडू. त्या काळात त्याला पत्रं यायची, शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची, ढिगाने. हे सगळं विशीतला डस्टी शेजारी बसून बघत होता. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात आरनने ७१५वा होम रन मारला तेव्हा पुढचा बॅटर म्हणून हातात बॅट घेऊन वाट बघत उभा होता तो डस्टी बेकरच. मैदानावरून, इतक्या जवळून.

१९७५ च्या शेवटी ट्रेड होऊन तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि खेळाडू म्हणून त्याची सगळ्यात चांगली वर्षं तिथे गेली. १९७७ चा सीझन संपायचा शेवटचा दिवस, २ ऑक्टोबर, डस्टीचे होम रन २९ होते आणि समोर ह्यूस्टनचा जे. आर. रिचर्ड, त्या काळातला अतिशय वेगवान आणि खतरनाक पिचर. त्याला होम रन मारून डस्टीने ३० पूर्ण केले आणि त्यामुळे एकाच टीमचे चार बॅटर ३० किंवा जास्त होम रन मारणारे असं पहिल्यांदाच झालं (बाकीचे तीन स्टीव्ह गार्व्ही, रेजी स्मिथ आणि रॉन से). तो धावत परत येतोय तर पुढचा बॅटर ग्लेन बर्कने हात डोक्याच्या वर उंच धरला, डस्टीला काही सुचेना म्हणून त्याने त्या हातावर हात मारला, आणि बरेच लोक मानतात की हाच जगातला पहिला हाय-फाइव्ह. आपल्याकडे दे टाळी पिढ्यानपिढ्या चालू आहे त्यामुळे आपण यावर किती भाळायचं ते आपण ठरवू, पण हात डोक्याच्या वर नेऊन टाळी देणं तिथून पसरलं असं म्हणतात. लगेच बर्कनेही होम रन मारला, मग डस्टीने त्याला परत टाळी दिली.

त्याच महिन्यात नॅशनल लीगची फायनल झाली (मेजर लीगमधे दोन लीग असतात, दोन्हींचे विजेते वर्ल्ड सिरीजमधे भिडतात), त्यात डस्टीने एक ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना मारलेला होम रन, म्हणजे एका फटक्यात ४ रन) मारला आणि त्या सिरीजचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर ठरला, हा पुरस्कार तेव्हा नुकताच सुरू झाला होता आणि पहिलाच मानकरी तो. वर्ल्ड सिरीज मात्र १९७७ आणि १९७८ दोन्ही वेळा न्यूयॉर्क यांकीजनी जिंकली. १९८१ ला डॉजर्सने त्याच यांकीजना हरवलं आणि डस्टीला खेळाडू म्हणून एकमेव वर्ल्ड सिरीज मिळाली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, मग ओकलंड, आणि १९८६ ला खेळणं संपलं. १,९८१ हिट्स (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचला की एक हिट), २४२ होम रन, ॲव्हरेज .२७८. म्हणजे दहा वेळा बॅटिंग केली तर पावणेतीन वेळा हिट, क्रिकेटवाल्यांना हे हास्यास्पद वाटेल पण या खेळात दहातून तीन म्हणजे स्टार. डस्टी त्याच्या थोडा खाली, खूप चांगला पण ग्रेट नाही.

खेळणं सोडल्यावर थोडे दिवस स्टॉकब्रोकर म्हणून काम केलं, ते काही जमलं नसावं कारण १९८८ ला जायंट्सकडे कोच म्हणून रुजू झाला आणि १९९३ ला मॅनेजर.

पहिलंच वर्ष बघा. टीममधे त्याच वर्षी बॅरी बाँड्स हा स्टार बॅटर आलेला, जायंट्स १६२ पैकी १०३ मॅचेस जिंकले. १०३! आणि तरी प्लेऑफमधे (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) नाहीत. कारण तेव्हा नियम असा होता की प्रत्येक लीगमधे दोन गट आणि गटातला फक्त पहिला पुढे जाणार, आणि त्यांच्या गटात अटलांटा ब्रेव्हज होते (नकाशावर अटलांटा पूर्वेला आहे आणि गट होता वेस्ट, कोणालाच ते खटकत नव्हतं), ते जिंकले १०४. शेवटच्या दिवशी जायंट्सना डॉजर्सने १२-१ ने धुतलं आणि विषय संपला. वाइल्ड कार्ड म्हणजे दुसऱ्या नंबरवाल्यालाही संधी हा प्रकार प्रत्यक्षात १९९५ पासून आला. डस्टीला मॅनेजर ऑफ द इयर मिळालं, पुढे १९९७ आणि २००० लाही मिळालं, म्हणजे मॅनेजर म्हणून तो चांगलाच होता यावर तेव्हाही वाद नव्हता.

वाद सुरू झाला २००२ ला. आदल्या डिसेंबरमधे त्याचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, त्यातून उठून त्याने जायंट्सना वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं, समोर अनाहाइम एंजल्स. पाचवी मॅच जायंट्सनी १६-४ अशी मारली आणि त्याच मॅचमधे डस्टीचा साडेतीन वर्षांचा मुलगा डॅरेन, जो बॅटबॉय म्हणून तिथे हिंडत होता, तो मॅच चालू असताना बॅट उचलायला थेट होम प्लेटवर धावला, मागून एक धावपटू सुसाट येतोय, तेवढ्यात रन पूर्ण करणाऱ्या जे. टी. स्नोने त्याला जॅकेटला धरून अलगद उचललं. व्हिडिओ बघितला तर आजही काळजाचा ठोका चुकतो. त्यानंतर बॅटबॉयचं वय किमान १४ हवं असा नियम झाला.

जायंट्स ३-२ ने पुढे. सहावी मॅच, सातवी इनिंग, स्कोर ५-०, जायंट्सना कप उचलायला फक्त ८ आउट हवेत. पिचर रस ऑर्टिझ मस्त टाकतोय, मग सलग दोन सिंगल (एका बेसचे हिट) बसले, आणि डस्टी बाहेर आला. त्याने ऑर्टिझला काढलं इतपत ठीक, पण काढताना मॅचचा बॉल त्याच्याच हातात परत दिला, आठवण म्हणून घरी ने या अर्थाने. सगळ्या टीव्ही कॅमेऱ्यांसमोर. म्हणजे जिंकायच्या आधीच पेढे वाटले. नवीन पिचर आला फेलिक्स रॉड्रिगेझ, त्याला स्कॉट स्पीझिओने ३ रनचा होम रन मारला, आठव्या इनिंगमधे आणखी ३, एंजल्स ६-५ ने जिंकले आणि दुसऱ्या दिवशी सातवी मॅचही ४-१ ने.

लोक म्हणाले काढायला नको होता. आता जरा थंड डोक्याने बघू. ऑर्टिझने सव्वासहा इनिंगच्या वर टाकलेल्या, दोन माणसं बेसवर, रिलीव्हर ताजा. तो बॉलचा प्रकार सोडला तर निर्णय अगदी पाठ्यपुस्तकातला होता. रॉड्रिगेझने स्पीझिओला आउट केलं असतं तर ही गोष्ट कोणाला आठवलीही नसती आणि बॉल परत देणं म्हणजे काय दिलदार मॅनेजर असं झालं असतं.

त्या सीझननंतर डस्टी शिकागो कब्जकडे गेला. कब्ज म्हणजे तोवर १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज न जिंकलेली टीम, १९४५ नंतर वर्ल्ड सिरीजला पोचलीही नव्हती. पहिल्याच वर्षी, २००३ ला, त्याने त्यांना नॅशनल लीगच्या फायनलमधे नेलं आणि समोर फ्लोरिडा मार्लिन्स. ३-२ ने पुढे, सहावी मॅच घरच्या मैदानावर, १४ ऑक्टोबर, आठवी इनिंग, स्कोर ३-०, आता हवेत फक्त ५ आउट. पिचर मार्क प्रायर, २३ वर्षांचा, त्या वर्षी १८ मॅचेस जिंकलेला.

एक बॉल स्टँडच्या कडेला हवेत गेला, फील्डर मोइसेस अलू उडी मारून पकडणार तेवढ्यात एका प्रेक्षकाचा हात लागला आणि कॅच सुटला. अलू चिडला, स्टेडियम चिडलं. मग वॉक (चार वाइड बॉल पडले की बॅटरला फुकट मिळणारा बेस), मग हिट, मग शॉर्टस्टॉप ॲलेक्स गोन्झालेझच्या हातून एक साधा ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) सुटला, ज्यावर कदाचित दोन आउट मिळाले असते. आणि हे सगळं होत असताना प्रायर तिथेच उभा. ३-३ झाल्यावर डस्टी आला, तोपर्यंत उशीर झालेला, त्या एका इनिंगमधे मार्लिन्सने ८ रन केले. सातवी मॅच ९-६ ने गेली. त्या प्रेक्षकाचं पुढे अमेरिकेने जे केलं, त्याला पोलीस संरक्षण द्यावं लागलं इथपर्यंत, ते अतिशय घाणेरडं होतं, कारण कॅच सुटला तेव्हा कब्ज अजून ३-० ने पुढेच होते, हरवलं ते सुटलेल्या ग्राउंडरने आणि न बदललेल्या पिचरने.

म्हणजे वर्षभराच्या अंतराने दोन मॅचेस, एकीत काढला म्हणून हरला, एकीत ठेवला म्हणून हरला. माझ्या मते दोन्ही रात्री एका पारड्यात टाकू नयेत. २००२ नशिबाचा भाग होता, २००३ मधे मात्र डस्टीवरची टीका बऱ्यापैकी रास्त आहे, आणि त्या रात्रीपुरती नाही. त्या सप्टेंबरमधे त्याने प्रायरकडून एका मॅचमधे १३० च्या वर बॉल टाकून घेतले होते, तेही एकदा नव्हे, अनेकदा. केरी वुड हा दुसरा तरुण पिचर, त्याचीही तीच गत. पुढे दोघेही सारखे जखमी होत राहिले आणि प्रायर तर २००६ नंतर मेजर लीगमधे परत कधी पिच करू शकला नाही. अर्थात प्रायरच्या बाबतीत त्याआधी धावताना झालेली टक्कर आणि २००५ ला कोपरावर आदळलेला जोरदार बॉल हेही आहे, सगळं खापर मॅनेजरवर फोडता येत नाही, पण आज कोणताही मॅनेजर २३ वर्षांच्या पोराकडून १३० बॉल टाकून घेणार नाही आणि त्याचं एक कारण ही केस आहे. प्रायर पुढे डॉजर्सचा पिचिंग कोच झाला.

२००६ ला कब्जने त्याला सोडलं. मग सिनसिनाटी रेड्स, २००८ ते २०१३. तिथे २०१० ला प्लेऑफ गाठली तर पहिल्याच मॅचमधे फिलाडेल्फिया फिलीजच्या रॉय हॅलडे या पिचरने त्यांना एकही हिट मारू दिला नाही. २०१२ ला जायंट्सविरुद्ध २-० ने पुढे होते, एकच मॅच हवी, पण पहिल्याच मॅचच्या पहिल्याच इनिंगमधे त्यांचा मुख्य पिचर जॉनी क्वेटो जखमी होऊन गेलेला, घरच्या मैदानावर सलग तीन हरले आणि ते जायंट्स पुढे वर्ल्ड सिरीज जिंकले. त्याआधी काही आठवडे डस्टी स्वतः अनियमित ठोके आणि छोटा स्ट्रोक यामुळे हॉस्पिटलमधे होता. मग वॉशिंग्टन नॅशनल्स, २०१६ ला ९५ विजय, २०१७ ला ९७, दोन्ही वेळा पहिल्याच राउंडला पाचव्या मॅचमधे बाहेर, आणि करार वाढवला नाही.

यातली खरी टोचणी अशी की तो ज्या टीम सोडत गेला त्यातल्या बहुतेक नंतर वर्ल्ड सिरीज जिंकत गेल्या. जायंट्स २०१०, २०१२, २०१४, कब्ज २०१६, नॅशनल्स २०१९. डस्टी घरी बसून द्राक्षबाग आणि वाइनचा धंदा बघत होता, वय ७०, लोकांनी धरून चाललं होतं की संपलं आता.

आणि मग ह्यूस्टन ॲस्ट्रोजने गोंधळ घातला.

तो गोंधळ काय ते थोडक्यात. पुढचा बॉल कसा टाकायचा हे कॅचर पिचरला बोटांच्या खुणांनी सांगायचा. बॅटरला ते आधी कळलं तर अर्धं युद्ध जिंकलं. दुसऱ्या बेसवरच्या धावपटूने डोळ्यांनी खुणा वाचल्या तर ते चालतं, तो खेळाचा भाग, पण इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरायची नाहीत. ॲस्ट्रोजने २०१७ ला काय केलं, तर सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटच्या मागे स्क्रीनवर लावलं आणि खूण ओळखून कचऱ्याच्या डब्यावर धाडधाड वाजवायचे, वाजलं म्हणजे स्लो किंवा वळणारा बॉल येतोय. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले. नोव्हेंबर २०१९ ला त्यांच्याच जुन्या पिचरने, माइक फायर्सने, हे उघड केलं. जानेवारी २०२० ला लीगने मॅनेजर आणि जनरल मॅनेजर दोघांना एक वर्ष बंदी घातली, मालकाने त्याच दिवशी दोघांना काढलं, ५० लाख डॉलर दंड, ड्राफ्टमधल्या जागा गेल्या. खेळाडूंना मात्र काहीच शिक्षा नाही. आता तर पिचकॉम नावाचं यंत्र आहे, बटण दाबून खूण थेट पिचरच्या कानात जाते, बोटांचा खेळ जवळजवळ संपला.

तर सगळा देश ज्या टीमला चोर म्हणतोय ती सांभाळायला कोण जाणार? असा माणूस हवा ज्याच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवणार नाही आणि ज्याला बघून शिव्या देणाऱ्यांचाही आवाज जरा खाली येईल. जानेवारीच्या शेवटी डस्टीला फोन गेला. मॅनेजरच्या कामातला हा भाग टीव्हीवर दिसतच नाही. २६ जणांची टीम, कोणी क्यूबाचा, कोणी व्हेनेझुएलाचा, कोणी टेक्ससचा, कोणाची बॅट चालत नाहीये, कोणाच्या घरी काही झालंय, आणि वर दर गावात हजारो लोक हुर्यो करतायत, अशा वेळी सहा-सात महिने रोज ही पोरं टिकवून ठेवायची. आकडेमोड करायला आता ऑफिसात कॉम्प्युटरवाली फौज असते, ती हे करू शकत नाही. डस्टी यातला उस्ताद होता, आणि हे तो हँक आरनच्या शेजारी बसून शिकला असणार असं मला वाटतं.

२०२० चा कोविडमुळे ६० मॅचेसचा अर्धवट सीझन, तरी लीग फायनलची सातवी मॅच. २०२१ च्या जानेवारीत आरन गेला आणि त्याच वर्षी डस्टी वर्ल्ड सिरीजला पोचला तर समोर कोण, अटलांटा ब्रेव्हज, आरनची टीम, डस्टीची स्वतःची पहिली टीम. ४-२ ने हरला. त्याच सीझनमधे तो पाच वेगवेगळ्या टीमना गटात पहिलं आणणारा पहिला मॅनेजर ठरला होता, पण कपाटात कप नव्हता.

२०२२. ३ मे ला २,०००वा विजय, तिथपर्यंत पोचलेला बारावा मॅनेजर आणि पहिला कृष्णवर्णीय. टीम १०६ मॅचेस जिंकली आणि वर्ल्ड सिरीजला समोर फिलाडेल्फिया फिलीज. तीन मॅचेस झाल्या, फिलीज २-१ ने पुढे. चौथ्या मॅचमधे ॲस्ट्रोजचा क्रिस्टियन हावियर ६ इनिंग टाकून बसला, ९७ बॉल, आणि एकही हिट नाही. वर्ल्ड सिरीजमधे पूर्ण मॅच नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही) याआधी एकदाच झालेली, १९५६ ला डॉन लार्सनची. इतिहास तीन इनिंगवर. डस्टीने त्याला काढला. २००३ च्या डस्टीने काढला असता का? मला नाही वाटत. पुढच्या तीन रिलीव्हरनीही एकही हिट दिला नाही, चौघांनी मिळून नो-हिटर, ५-०, आणि स्टेडियमबाहेर त्या निर्णयाबद्दल फारशी कुरकुरही नाही, इतकी वीस वर्षांत बेसबॉलची समजूत बदललेली.

पाचवी ॲस्ट्रोजने जिंकली. सहावी मॅच, ५ नोव्हेंबर, ह्यूस्टन. फिलीजचा झॅक व्हीलर अफलातून टाकत होता, सहाव्या इनिंगमधे फिलीज १-० ने पुढे, एक आउट, बेसवर दोन माणसं, व्हीलरचे फक्त ७० बॉल झालेले. पुढचा बॅटर योर्दान अल्वारेझ, डावखुरा, दांडगा. फिलीजचा मॅनेजर रॉब थॉमसन बाहेर आला आणि व्हीलरला काढून डावखुरा रिलीव्हर होसे अल्वाराडो आणला. पुस्तकात लिहिलंय तसंच, डाव्याला डावा, तिसरी फेरी, सगळं बरोबर. अल्वारेझने मारलेला बॉल सेंटर फील्डमागच्या उंच भिंतीच्याही वर जाऊन पडला, साधारण ४५० फूट, ३-१. शेवटी ४-१ आणि डस्टी बेकर चॅम्पियन, वय ७३. दुसऱ्या दिवशी सगळ्या अमेरिकेत चर्चा काय, तर व्हीलरला का काढला. २००२ मधे डस्टीच्या वाट्याला आलं तेच या वेळी थॉमसनच्या वाट्याला.

वर्ल्ड सिरीज जिंकणारा सगळ्यात वयस्कर मॅनेजर हा रेकॉर्ड त्याआधी ७२ व्या वर्षी जिंकलेल्या जॅक मकीनच्या नावावर होता, तो कधी केला होता तर २००३ ला, मार्लिन्सचा मॅनेजर म्हणून, म्हणजे कब्जच्या त्या फायनलमधे डस्टीला हरवून.

२०२३ ला लीग फायनलच्या सातव्या मॅचमधे टेक्सस रेंजर्सकडून हरल्यावर डस्टीने निवृत्ती जाहीर केली, २,१८३ विजय, त्या वेळी सर्वकालीन यादीत सातवा. रेंजर्सचा मॅनेजर होता ब्रूस बोची, २०१२ च्या जायंट्सचाही तोच. डॅरेन, डस्टीचा तो बॅटबॉय मुलगा, १ सप्टेंबर २०२४ ला नॅशनल्सकडून पहिली मेजर लीग मॅच खेळला आणि पहिल्याच बॉलवर हिट मारला. आणि निवृत्ती वगैरे म्हणाल तर डस्टी लगेचच जायंट्सचा सल्लागार झाला आणि २०२६ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकसाठी (देशादेशांमधली स्पर्धा) निकाराग्वाने त्याला पुन्हा मॅनेजर म्हणून घेतलं.